निभावून नेण्याला जगणं म्हणू नका

ऑटिझमवरच्या कुठल्याही व्याख्यानाला जा, पालकांच्या सभेला बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘जग काही यांच्यासाठी बदलणार नाही, तेव्हा यांनाच जुळवून घ्यायला शिकवलं पाहिजे.’ बोलणारा माणूस वाईट नसतो. कधी डॉक्टर असतो, कधी विशेष शिक्षक, बहुतेक वेळा आई किंवा वडील, आणि काळजीपोटीच बोलत असतो. सभागृहातले सगळे माना डोलावतात, कारण वाक्य व्यवहाराचं वाटतं. मला ते व्यवहाराचं वाटत नाही आणि खरंही वाटत नाही. आज तिशी, चाळिशी, पन्नाशीत असलेल्या ऑटिस्टिक माणसांचं या एका वाक्याने जेवढं नुकसान केलं तेवढं उघड तिरस्कारानेही केलेलं नाही, अशी माझी खात्री आहे. मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान व्हायला चाळिशी उजाडली. पोटापाण्यासाठी मुद्रितशोधन करते.

आधी ‘जुळवून घ्या’ या सल्ल्याकडेच बघू. ऑटिस्टिक माणूस जुळवून घेत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. प्रत्यक्षात तो दिवसभर दुसरं काही करतच नाही. एखाद्या मोकळ्या हॉलमधलं ऑफिस घ्या. डोक्यावरची ट्यूब बारीक थरथरतेय, ती आपल्याला दिसते, बाकी कुणाला दिसत नाही. एसीचा एक सूर लागलेला आहे. पलीकडच्या टेबलावर लसणाच्या फोडणीचा डबा उघडलाय, मागे दोघांचं कालच्या मॅचवरून चाललंय, आणि हे सगळे आवाज, वास, उजेड सारख्याच जोराने आत घुसतायत. एकही मागे हटत नाही. तेवढ्यात साहेब येतात आणि म्हणतात, ‘ते जरा बघून घ्या हं, वेळ मिळाला की.’ ते म्हणजे कोणतं? वेळ मिळाला की म्हणजे आज, की पुढच्या आठवड्यात? विचारावं तर ‘एवढंही कळत नाही का’ असा चेहरा, न विचारता करावं तर चुकतं. हे चालू असताना त्यांच्या डोळ्यांत बघायचं, पण टक लावून नाही. हसायचं, पण उशिरा नाही. आपसूक हलणारी बोटं टेबलाखाली दाबून धरायची. दुपारी कुणाचा तरी केक कापतात, तिथे उभं राहून टाळ्या वाजवायच्या. संध्याकाळी घरी पोचल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही आणि घरातले विचारतात, ‘दिवसभर खुर्चीवर बसून तर काम, दमतेस कशाने?’

संशोधक याला मास्किंग म्हणतात, म्हणजे मुखवटा चढवून वावरणं. त्याची किंमत काय पडते हे आता मोजलं गेलं आहे. २०१८ साली ब्रिटनमध्ये सारा कॅसिडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांचा अभ्यास केला. आत्महत्येकडे कल असण्याशी ज्या गोष्टींचा संबंध आढळला त्यांत मास्किंग होतं आणि न मिळालेला आधारही होता. अमेरिकेतल्या डोरा रेमेकर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने २०२० साली ऑटिस्टिक बर्नआउट म्हणजे नेमकं काय ते मांडलं: महिनोन्‌महिने न हटणारा थकवा, कालपर्यंत येत असलेली कामं येईनाशी होणं, आवाज आणि उजेड सोसण्याची ताकद घटत जाणं. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात वारलेल्यांचं सरासरी वय ऑटिस्टिक लोकांत ५४ होतं, इतरांत ७०. ज्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती, म्हणजे जे लोकांच्या दृष्टीने ‘चांगले सावरलेले’ होते, त्यांच्यात आत्महत्येने जाणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांच्या कितीतरी पट निघालं.

हे आकडे समोर असताना जुळवून घेण्याच्या सल्ल्याला व्यवहारी कसं म्हणायचं? ज्या घराचा सगळा पगार भाड्यातच जातो त्या घराचं चांगलं चाललंय असं आपण म्हणत नाही. ऑटिस्टिक माणसाची सगळी शक्ती ‘नॉर्मल दिसण्या’त खर्च होते, तेव्हा मात्र त्याच्या आईबापांचं अभिनंदन होतं.

आमचं संवादकौशल्य कमी, म्हणून शिकायचं आम्हीच, असाही एक युक्तिवाद असतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, तेही ऑटिस्टिक आहेत, यांनी २०१२ सालीच मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. आम्हाला इतर लोक कळत नाहीत तसे त्यांना आम्हीही कळत नाही. २०२० साली एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षाच घेतली. आठआठ जणांची साखळी करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच शाबूत पोचली जेवढी इतरांच्या साखळीत पोचली. तिची गळती जास्त झाली ती मिश्र साखळ्यांत. म्हणजे प्रयत्न दोघांनी करायचा असतो. आजवर तो एकाच बाजूकडून वसूल केला गेला आहे.

या सल्ल्यावरचा माझा दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो यशाच्या कल्पनेशी निगडित आहे. ऑटिस्टिक प्रौढाचं बरं चाललंय हे ओळखायचं कसं? आपल्याकडे तीन खुणा ठरलेल्या आहेत: नोकरी, लग्न आणि ‘स्वतःचं स्वतः बघतो’.

लग्नाचं बोलू, कारण त्याविषयी उघडपणे कुणी बोलत नाही. ‘लग्न झालं की सुधारेल’ हे वाक्य मराठी घरांत अजून औषधासारखं वापरलं जातं. मुलगा अबोल आहे, मुलीला माणसांची आवड नाही, अंगावर जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर. निदान झालेलं असलं तरी स्थळाला सांगायचं नाही. मग ती मुलगी सून म्हणून अशा घरात जाते जिथे खोलीचं दार लावलं की प्रश्न विचारले जातात, पाहुणे न सांगता येतात, आणि आले की हसत पाणी घेऊन बाहेर यायचं असतं. मिक्सर, कुकर, टीव्ही एकाच वेळी चालू. सणाच्या स्वयंपाकात दहा बायकांच्या बोलण्यातून आपल्याला कोणतं काम सांगितलं हे शोधायचं. तिच्या गप्प बसण्याला आखडूपणा म्हणतात आणि कोसळण्याला नाटकं. अशा कितीतरी बायका नैराश्याच्या गोळ्या घेत पन्नाशी गाठतात आणि ऑटिझम हा शब्द त्यांच्या कागदावर कधी येतच नाही. लग्न करावं, जरूर करावं, पण दोघांनाही सगळं ठाऊक असताना आणि दोघांनाही हवं असेल तर. उपचार म्हणून लावलेलं लग्न म्हणजे दोन माणसांवर केलेला अन्याय आहे.

आणि ‘स्वतःचं स्वतः बघतो’ याचं काय? आपल्या ओळखीचे किती पुरुष असे आहेत ज्यांनी आयुष्यात स्वतःचा डबा भरलेला नाही? कपडे कपाटात आयते लागतात, बीपीची गोळी बायको पुढे करते, नातेवाइकांशी संबंध तीच टिकवते, बँकेचे फॉर्म मुलगी भरते. त्यांना कुणी परावलंबी म्हणत नाही. ते कर्तबगार असतात. तीच मदत एखाद्या ऑटिस्टिक माणसाने मागितली, म्हणजे ‘आठवड्याचं सामान तुम्ही आणा, बाकी सगळं मी करतो’ असं म्हटलं, की त्याच्या नावापुढे अपयश लिहिलं जातं. माझा राग या दुहेरी मापावर आहे.

चांगलं आयुष्य कसं असू शकतं याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे, आणि ते पहिल्याच माणसाचं आहे. बाल्टिमोरचे मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा मुलांवरून ऑटिझमचं वर्णन केलं त्यांतला पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला लहानपणी घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. आईवडिलांनी वर्षभराने तो सल्ला झुगारून त्याला परत आणलं. पुढे तो काही काळ एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्यांनी त्याच्या मोजण्याच्या ओढीला आवर घातला नाही, मक्याच्या ओळी मोजायला दिल्या. तो पदवीधर झाला. गाडी चालवायला २७व्या वर्षी शिकला. गावातल्या बँकेत नोकरी केली, रोज गोल्फ खेळला, जगभर एकटा हिंडला, लग्न केलं नाही, आणि ज्या घरात वाढला त्याच घरात म्हातारा झाला. २०२३ साली, ८९व्या वर्षी तो वारला. जॉन डोनव्हन आणि कॅरन झकर हे पत्रकार त्याला शोधत गावात गेले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना दम भरला होता की आमच्या डॉनला त्रास झाला तर तुमची गाठ आमच्याशी आहे.

यावर कुणी म्हणेल, बँक त्याच्या आजोळची होती, घरात पैसा होता. बरोबर आहे, आणि ते लपवू नये. पण पैसा असलेल्या किती घरांनी तेव्हा आपली मुलं कायमची संस्थांत टाकली होती! डोनाल्डचं बोलणं शेवटपर्यंत तुटक राहिलं, त्याच्या सवयी शेवटपर्यंत तशाच राहिल्या. त्याला ‘बरं’ कुणी केलं नाही. त्याच्याभोवतीच्या माणसांनी त्याला तसाच गावचा माणूस मानलं, आणि त्याला शिकायला लागला तेवढा वेळ दिला. पैशाची नक्कल आपल्याला करता येणार नाही. बाकीच्या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत.

माझं स्वतःचं सांगते, कारण टिकणारं आयुष्य म्हणजे काय हे असं जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. मी ऑफिस सोडलं. घरी सकाळच्या शांत वेळात प्रुफं वाचते, दोन फॉर्म झाले की थांबते, मग प्रकाशकाची कितीही घाई असो. उत्पन्न घटलं. नाश्त्याला रोज तेच उप्पीट असतं, कारण त्या वेळी मला निर्णय नको असतो. लग्नाला जाते ती अक्षता टाकून पंगतीआधी निघते, आणि हे यजमानांना आदल्या दिवशी सांगून ठेवते. माझी एक मैत्रीण आहे, तीही ऑटिस्टिक. ती आली की आम्ही एका खोलीत आपापलं काम घेऊन बसतो. दोन तास कुणी बोलत नाही. नंतर ती चहा पिऊन जाते आणि मला आठवडाभर पुरेल एवढी सोबत मिळालेली असते. माझ्याकडे एक वही आहे. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या पुस्तकांतल्या अक्षरांची वळणं तिच्यात उतरवून ठेवते: कोणत्या सालच्या खिळ्यांत ‘ल’चा पाय कुठे वळतो, ‘श’ची गाठ कशी बसते. छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी ती अक्षरं पाडून घेताना किती डोळस मेहनत घेतली होती हे त्या वहीमुळे मला पानापानावर दिसतं. निदानाच्या भाषेत याला ‘मर्यादित आवडी’ आणि ‘एकसारखेपणाचा आग्रह’ म्हणतात, लक्षणांच्या यादीत घालतात, आणि मुलांमधून ते काढून टाकण्यासाठी पालक तासाला पैसे मोजतात. माझ्या आयुष्यातला आनंद नेमका तिथे आहे. तो काढून घेतला असता तर माझ्या हाती फक्त मुखवटा उरला असता.

मग येतो ‘लाडां’चा मुद्दा. एकाला सवलत दिली की उद्या सगळे मागतील, असं म्हणतात. पण ही मागणी कृपेची नाही, कायद्याची आहे. १९९५च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो २१ अक्षमतांत घेतला, आणि गरजेनुसार वाजवी बदल करून द्यायला नकार देणं म्हणजे भेदभाव, असं स्वच्छ लिहिलं. परीक्षार्थी विकास कुमार यांना लिहिताना हाताला पेटके येत, पण अक्षमता ठरलेल्या ४० टक्क्यांच्या मापात बसत नाही म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांना लेखनिक नाकारला. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितलं की असा बदल मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. आता ऑटिस्टिक माणूस सहसा काय मागतो ते बघा. तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत लिहून द्या. बसायची जागा रोज बदलू नका. कानाला हेडफोन लावू द्या. बैठकीत काय होणार ते आदल्या दिवशी कळवा. मुलाखतीत ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता’ विचारण्याऐवजी काम समोर ठेवा आणि करून दाखवायला सांगा. यांतल्या एकाही गोष्टीला वेगळी तरतूद लागत नाही, आणि लेखी सूचनांनी कुठल्याही ऑफिसचं भलंच होईल.

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून वाटलेला आहे. तिथवर पोचायला प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात असलेल्या ४० प्रश्नांच्या मोजपट्टीतला पहिलाच प्रश्न नजरेला नजर देण्याविषयी आहे, आणि एकूण गुण ७०च्या खाली आले तर ऑटिझम नाही असा निर्णय होतो. ज्या बाईला लहानपणापासून ‘डोळ्यांत बघून बोल’ म्हणून दरडावलं, जी आता समोरच्याच्या भुवयांमध्ये बघून वेळ मारून नेते, ती तिथे नापास होते. मुखवटा चढवला म्हणून आधार नाकारला जातो, आणि काढला तर नोकरी जाते. जुळवून घ्यायला सांगणाऱ्यांनी या कोंडीचं उत्तर द्यावं.

सगळ्यात जड आक्षेप शेवटी घेते. एक आई म्हणते, ‘बाई, तुम्ही लेख लिहिता. माझा मुलगा तीस वर्षांचा आहे, बोलत नाही, रात्री झोपत नाही, डोकं आपटून घेतो. तुमच्या वह्यांचं मी काय करू?’ तिचा राग समजण्यासारखा आहे. तिच्या मुलाला लागणारा आधार माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तिच्या नावे बोलायचा अधिकार मला नाही. पण ज्या विचाराशी मी भांडते आहे त्याने तिच्या मुलाचं माझ्यापेक्षा जास्त नुकसान केलं आहे. तीस वर्षांच्या पुरुषाला अजून मणी ओवायला बसवतात, रंगीत ठोकळे जुळवायला देतात, संस्थेत पणत्या रंगवून घेतात, आणि त्याला ते आवडतं का हे कुणी विचारलेलं नसतं. तोंडाने बोलता यावं म्हणून वर्षं घालवली जातात आणि चित्रांच्या पाट्या किंवा टॅबवरून बोलायची सोय ‘मग तो बोलायला शिकणारच नाही’ म्हणून लांबणीवर टाकतात. डोकं आपटण्यामागे दुखरा दात आहे, पोट आहे, की वर्गातला पंखा, हे शोधायच्या आधी वागणूक सुधारायची गोळी येते. त्यालाही तेच हवं आहे जे मला हवं आहे: सोसवेल एवढा आवाज, कळेल असा दिवस, नाही म्हणायची सोय आणि आवडीची एक गोष्ट.

‘आमच्यानंतर याचं काय’ हा तिचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं ओझं एकट्या आईवर टाकून शासन मोकळं झालं आहे. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, ‘घरौंदा’सारखी प्रौढांच्या कायम निवासाची योजना आहे. गरज बघता अशी घरं नगण्य आहेत. प्रत्येक जिल्ह्यात, शहराबाहेर माळावर नाही तर वस्तीत, सहासात माणसांची आणि पगारी, शिकलेल्या मदतनिसांची घरं हवीत. ही मागणी घेऊन पालकांनी आणि ऑटिस्टिक प्रौढांनी एकत्र मंत्रालयात जायला हवं. मुलाला नॉर्मल दिसायला शिकवून हा प्रश्न सुटलेलं एकही घर मी पाहिलेलं नाही.

तोवर पालकांना माझी एक विनंती आहे. मूल अठराचं झालं की अनेक घरं पालकत्वाचा अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. २०१६च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीला कायद्यासमोर इतरांइतकीच व्यक्ती मानलं आहे, आणि पालक नेमायचा तर ठरावीक निर्णयापुरता, तिच्याशी विचारविनिमय करून, अशी मर्यादित पालकत्वाची वाट घालून दिली आहे. अर्ज भरायच्या आधी त्या मुलासमोर किंवा मुलीसमोर बसा. बोलत नसेल तर चित्रं घ्या, फोटो घ्या, त्याच्या होकाराची आणि नकाराची जी काही खूण घरात रुळलेली असेल ती घ्या. कुठे राहायला आवडेल, कुणाबरोबर, दिवसभर काय करायला, हे एकेक करून विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते तारखेनिशी लिहून ठेवा.